शांतियीचे मैदान

फ्रान्समधील विद्वानांची सर्वोच्च सभा म्हणजे ‘अँस्तित्यु द फ्रांस’. पाच अकादमी मिळून ही सभा झालेली असून, फ्रेंच भाषेचा प्रमाणभूत कोश सिद्ध करणारी सुप्रसिद्ध अकादमी ही त्या पाचांपैकीच एक होय. अशा सभेच्या मालमत्तेत ग्रंथालये असावीत, संग्रहालये असावीत, ह्यात नवल नाही. परंतु व्याकरणकार, इतिहासकार आणि गणिती ह्यांच्या ह्या सभेच्या मालकीचे घोड्यांच्या शर्यतींचे एक मैदानही आहे, आणि तेही असे तसे नव्हे, तर फ्रान्समधील सर्वांत नामांकित मैदानांपैकी एक, असे सांगितले तर श्रोत्यांना ती थट्टाच वाटेल. ही थट्टा नाही. त्या मैदानाचे नाव शांतियी. सरस्वतीच्या उपासकांच्या पदरी ही अश्वशाला कशी आली, आणि ती त्यांच्या पदरी आली म्हणूनच आजपर्यंत कशी टिकली, हे आजच्या भाषणात सांगावयाचे योजिले आहे.

पॅरिसच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर, वाझ नावाच्या जिल्ह्यात हे गाव वसलेले आहे. तीन बाजूंनी दाट अरण्य, जवळून वाहणारी नोनेत नावाची लहान नदी, पाण्याने वेढलेला एक राजवाडा, आणि त्याच्या शेजारी पसरलेली विस्तीर्ण हिरवळ, असा येथला देखावा आहे. जमीन वाळूमिश्रित आहे. पाऊस पडून गेला की पाणी झटकन मुरते, चिखल फारसा होत नाही. आणि पायाखालची माती घट्ट असूनही अंगी लवचीकपणा असलेली आहे. घोड्याच्या खुरास असली जमीन फार मानवते. शांतियीच्या भाग्याचे पहिले कारण हेच. दुसरे कारण मात्र माणसांच्या हौसेत आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी शांतियीची जहागीर काँदे ह्या घराण्याकडे होती. फ्रान्सच्या राजवंशाचीच ही एक शाखा. त्या घराण्यातील सातवा राजपुत्र, बूर्बाँचा ड्यूक लुई आंरी, ह्याने तत्कालीन सट्टेबाजीत अमाप पैसा मिळविला होता आणि तो खर्चण्याची त्याला तितकीच हौस होती. १७१९ साली त्याने झाँ ओबेर नावाच्या स्थापत्यविशारदाकडून एक पागा बांधावयास घेतली. ती पुरी होण्यास १७३५ साल उजाडले. ह्या पागेची लांबी १८६ मीटर आहे. मधोमध २८ मीटर उंचीचा घुमट आहे, दोन्ही अंगांस कमानदार छताचे लांबच लांब सोपे आहेत, आणि त्यांत २४० घोडे बांधण्याची सोय होती. शिकारी कुत्र्यांची व्यवस्था निराळीच. प्रवाशाने प्रथम पाहिले म्हणजे राजवाडा तो हाच असे त्याला वाटते. खरा राजवाडा त्यापुढे नाजूक दिसतो. मृत्यूनंतर आपण घोड्याच्या योनीत जन्म घेणार अशी ह्या ड्यूकाची श्रद्धा होती, आणि पुढील जन्मी आपल्या इतमामास शोभेल असे घर असावे म्हणून त्याने ही पागा बांधली, अशी तिकडे आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुनर्जन्माची कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडलेली आहे अशा आपल्या लोकांना ती ऐकून कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

पुढे १७८९ ची राज्यक्रांती झाली. काँदे घराण्याने लगोलग देश सोडला. जहागीर जप्त झाली. मोठा राजवाडा लोकांनी पाडून त्याचे दगड विकले. पागा मात्र वाचली. कारण उघड आहे. राजे गेले तरी लष्कराला घोडे हवेतच, आणि घोड्यांना छप्पर हवेच. राजवाडा निरुपयोगी ठरला म्हणून पडला, आणि पागा उपयोगी ठरली म्हणून राहिली. शांतियीच्या इतिहासात हा न्याय पुढेही पुन्हा पुन्हा दिसून येतो.

काँदे वंशाचा शेवटचा पुरुष १८३० साली निपुत्रिक वारला. त्याने आपली बहुतेक इस्टेट आपल्या धर्मपुत्रास दिली होती. हा वारस म्हणजे त्याच वर्षी गादीवर आलेल्या लुई फिलिप राजाचा मुलगा आंरी, ओमालचा ड्यूक. त्या वेळी त्याचे वय अवघे आठ वर्षांचे होते. ह्या मुलाचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या कथेचा खरा नायक तोच आहे.

शांतियीच्या हिरवळीवर पहिली शर्यत कशी झाली ह्याविषयी अशी हकिकत सांगतात की, १८३३ साली काही सरदार मंडळी येथील अरण्यात शिकारीस आली होती. त्यांत लोबानोफ नावाचा एक रशियन राजपुत्र होता. शिकारीहून परत येताना पागेसमोरच्या हिरवळीवर आपापले घोडे भरधाव सोडून पाहण्याची लहर ह्या मंडळींस आली, आणि खुरांखालची जमीन किती सुखाची आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १५ मे १८३४ रोजी, ह्याच ठिकाणी रीतसर शर्यती भरविण्यात आल्या. मैदानाची जन्मतिथी हीच धरतात.

हा केवळ श्रीमंतांचा चाळा होता असे मात्र कोणी समजू नये. नेपोलियनच्या वीस वर्षांच्या लढायांत फ्रान्समधील उत्तम घोड्यांची पैदास पार खचून गेली होती, आणि रिसाल्यासाठी परदेशातून घोडे विकत आणण्याची पाळी त्या देशावर आली होती. इंग्लंडात ह्याच्या उलट स्थिती होती. तेथे शतकाहून अधिक काळ शर्यतीच्या कसोटीस उतरलेल्या घोड्याघोडींचीच वीण पुढे चालविली जात असे, आणि प्रत्येक जनावराची वंशावळ नोंदलेली असे. फ्रान्सने हाच मार्ग धरावा म्हणून १८३३ साली तेथे अशा वंशावळींची सरकारी वही सुरू झाली, आणि त्याच साली अश्वसंततीच्या सुधारणेस उत्तेजन देणारी एक मंडळी स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष लॉर्ड हेन्री सीमोर हा नावाने इंग्रज खरा, पण जन्माने पॅरिसकर होता. ह्याच मंडळीतून पुढल्या वर्षी सुप्रसिद्ध जॉकी क्लब निघाला. शर्यत ही घोड्याची परीक्षा आहे, पैज ही त्या परीक्षेची केवळ छाया आहे, असे ह्या संस्थापकांचे म्हणणे होते. छाया पुढे मूळ वस्तूपेक्षा लांब झाली, ती गोष्ट निराळी.

१८३६ साली ह्या क्लबाच्या नावाने शांतियीस तीन वर्षांच्या घोड्यांची एक मोठी शर्यत सुरू झाली. इंग्लंडात जी डर्बी, तीच फ्रान्समध्ये ‘प्री द्यु जॉकी क्लब’. पहिले बक्षीस सीमोरच्या फ्रँक नावाच्या घोड्याने जिंकले. पुढली दोन वर्षेही बक्षीस सीमोरच्याच तबेल्यात गेले. १८४३ साली केवळ तीन वर्षांच्या घोडींसाठी ‘प्री द दियान’ ही शर्यत निघाली. दियान म्हणजे रोमन पुराणांतील मृगयेची देवता. ह्या दोन्ही शर्यती आज पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू असून दोन्हींचे माहेर शांतियीच आहे. दर वर्षी जून महिन्यात त्या होतात, आणि दियानच्या दिवशी तर घोडींइतकीच गर्दी तेथे बायकांच्या टोप्या पाहावयास लोटते असे म्हणतात.

परीक्षेचा हेतू कितपत सफल झाला, ह्याचे एकच उदाहरण देतो. १८४१ साली जॉकी क्लबाची शर्यत सीमोरच्या पोएटेस नावाच्या घोडीने जिंकली. ती पुढे विणीसाठी ठेवण्यात आली, आणि १८५२ साली तिला मोनार्क नावाचे शिंगरू झाले. ह्या मोनार्कने १८५५ साली त्याच मैदानावर तीच शर्यत जिंकली. मोनार्कचा मुलगा ग्लादियातर. त्याचा मालक लाग्रांजचा काऊंट. ह्या घोड्याने १८६५ साली इंग्लंडात जाऊन तेथील तीन सर्वश्रेष्ठ शर्यती, म्हणजे टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर, एकामागून एक जिंकल्या. परदेशात पैदा झालेल्या घोड्याने इंग्रजांची डर्बी जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. वॉटर्लूच्या लढाईस त्या साली बरोबर पन्नास वर्षे झाली होती. साहजिकच फ्रेंच लोकांनी त्या मुक्या जनावरास ‘वॉटर्लूचा सूड घेणारा’ ही पदवी बहाल केली. आजी, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांत शांतियीच्या परीक्षेची किंमत जगास कळून आली. गंमत अशी की, ह्या सूड घेणाऱ्या घोड्याची तालीम इंग्लंडात एका इंग्रज चाबूकस्वाराच्या हाताखाली झाली होती.

खुद्द शांतियीतही हीच तऱ्हा होती. शर्यतीचे घोडे तयार करण्याची विद्या त्या काळी इंग्रजांपाशी होती. म्हणून १८३० नंतर इंग्रज चाबूकस्वार, जॉकी आणि मोतद्दार ह्यांची कुटुंबेच्या कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. कार्टर, जेनिंग्ज, कनिंग्टन ही नावे पिढ्यान्‌पिढ्या ह्या गावच्या अश्वशाळांवर झळकत राहिली. त्यांच्यासाठी गावात इंग्रजी पंथाचे प्रार्थनामंदिरही उभे राहिले. आपल्या भाषेविषयी अत्यंत अभिमानी अशा फ्रेंच लोकांनी ‘टर्फ’, ‘पॅडॉक’, ‘जॉकी’ हे शब्द तर घेतलेच, पण घोड्याची चाकरी करणाऱ्या पोऱ्यास ते आजही इंग्रजी ‘लॅड’ ह्याच शब्दाने संबोधतात. कोश रचणाऱ्या अकादमीच्या स्वतःच्या जमिनीवर हे परके शब्द राजरोस नांदत आहेत.

१८५९ साली पॅरिसहून शांतियीस थेट आगगाडी सुरू झाली आणि मैदानाचे रूप पालटले. तोपर्यंत जो सरदारांचा मेळा होता, तो आता लोकांची जत्रा झाला. दुकानदार, कारकून, कारागीर सहकुटुंब सकाळच्या गाडीने येऊन रात्री घरी परतू लागले. लोक आले तशी पैज लावणारेही आले, आणि पैजा घेणाऱ्या दलालांचा सुळसुळाट झाला. ह्यावर तोडगा निघाला तो पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या जोसेफ ओलेर नावाच्या एका कातालान उद्योजकाच्या डोक्यातून. त्याने १८६० नंतरच्या काळात अशी पद्धत काढली की, सर्वांनी लावलेले पैसे एकत्र जमा करावयाचे, त्यांतून ठरावीक हिस्सा बाजूस काढावयाचा, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत त्यांच्या त्यांच्या पैजेच्या प्रमाणात वाटावयाची. ह्यात दलालास भाव वरखाली करून गिऱ्हाइकास बुडविण्याची संधी राहत नाही. २ जून १८९१ च्या कायद्याने फ्रान्सने घोड्यांवरील पैजेची हीच पद्धत मान्य केली, आणि बाजूस काढलेल्या हिश्श्यातून अश्वसंवर्धनास व धर्मादायास पैसा देण्याची व्यवस्था केली. जुगार तो जुगारच, आणि त्याने धुळीस मिळालेले संसार जगात कोठेही कमी नाहीत. तथापि कायद्याने त्याचा निदान हिशेब उघड्यावर आणला आणि त्यातला काही भाग सार्वजनिक कामी लावला, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

आता पुन्हा ओमालच्या ड्यूकाकडे वळू. आठव्या वर्षी जहागिरीचा धनी झालेला हा मुलगा मोठेपणी नाणावलेला सेनानी झाला आणि पुढे इतिहासकार व ग्रंथसंग्राहक म्हणून विख्यात झाला. परंतु दैवाने त्याचा छळ चांगलाच मांडला होता. १८४८ च्या क्रांतीत बापाची गादी गेली आणि सारे कुटुंब इंग्लंडात परागंदा झाले. त्या वर्षी जॉकी क्लबाची शर्यतही शांतियीस न होता व्हर्सायला झाली. १८५२ साली ह्या राजघराण्याच्या मालमत्ता सक्तीने विकावयास लावणारा हुकूम निघाला, तेव्हा शांतियी नावापुरती एका इंग्रज पेढीच्या स्वाधीन करून ड्यूकाने ती कशीबशी वाचविली. परदेशात असतानाच त्याचा थोरला मुलगा १८६६ साली दूर ऑस्ट्रेलियात सिडनी येथे वारला. १८६९ साली पत्नी गेली. दुसऱ्या साम्राज्याच्या पतनानंतर १८७१ साली तो मायदेशी परतला, आणि १८७२ साली उरलेला एकुलता एक मुलगाही त्याने गमावला. वाडा, अरण्य, पागा आणि मैदान सगळे परत मिळाले होते. ज्याच्या हाती द्यावयाचे तो मात्र कोणी उरला नव्हता.

अशा वेळी माणूस एक तर सर्वस्वाचा वीट मानतो, नाही तर बांधकाम काढतो. ड्यूकाने बांधकाम काढले. ओनोरे दोमे ह्या स्थापत्यविशारदाकडून त्याने क्रांतीत पाडलेला राजवाडा पुन्हा उभारला आणि त्यात आपला चित्रांचा व हस्तलिखितांचा अमोल संग्रह मांडला. मैदानावरील प्रेक्षागारही दोमेच्याच आराखड्यावरून १८७९ च्या सुमारास उभे राहिले. नंतर ३ जून १८८४ रोजी त्याने मृत्युपत्र करून ही सर्व जहागीर, तिच्यातील अरण्ये, हिरवळी, पाणी आणि इमारती ह्यांसह, अखंड स्वरूपात अँस्तित्यु द फ्रांस ह्या सभेस देण्याचे ठरविले. तुकडे पाडावयाचे नाहीत, संग्रहातील वस्तू बाहेर द्यावयाच्या नाहीत, अशा तिच्या अटी होत्या.

पण कसोटी पुढेच होती. १८८६ साली प्रजासत्ताकाने जुन्या राजघराण्यांविरुद्ध हद्दपारीचा कायदा केला आणि ड्यूकाचे नाव सेनापतींच्या यादीतून काढून टाकले. त्याने अध्यक्ष ग्रेव्ही ह्यांस कडक निषेधाचे पत्र लिहिले आणि त्यापायी त्यास स्वतःस देशाबाहेर घालविण्यात आले. दुसरा एखादा असता तर त्याने रागाच्या भरात मृत्युपत्र फाडून टाकले असते. ह्याने काय केले? मृत्यूची वाट न पाहता त्याने २५ ऑक्टोबर १८८६ रोजी परदेशातून दानपत्रच करून दिले; म्हणजे ज्या देशाने आपल्याला दार दाखविले त्याच देशाच्या विद्वानांच्या पदरात आपले घर टाकून तो मोकळा झाला. १८८९ साली हद्दपारी उठली. हयात असेतो शांतियीत राहण्याचा हक्क त्याने राखून ठेवलेला होता. १८९७ साली तो वारला, आणि पुढल्याच वर्षी त्याचा संग्रह लोकांस खुला झाला. राजवाड्यातील चित्रांसाठी केलेल्या ह्या दानात बाहेरील मैदानही ओघानेच आले. चित्रे पाहावयास जाणारा रसिक आणि पैज लावावयास जाणारा शौकीन, दोघेही त्या दिवसापासून एकाच दात्याचे ऋणी झाले.

आता खुद्द मैदान कसे आहे ते थोडक्यात सांगतो. येथे घोडे उजव्या हातास वळत धावतात. मुख्य वाट सुमारे २४०० मीटरांची आहे. सुरुवातीनंतर घोडे पागेच्या अंगाने जातात. तिच्या दगडी भिंती आणि पलीकडे राजवाड्याचे कळस ह्यांच्या पार्श्वभूमीवर जॉकींचे रंगीबेरंगी अंगरखे झपाट्याने सरकताना दिसतात. जगातील शर्यतींच्या मैदानांवर इतका सुंदर देखावा विरळा. पुढे उतार लागतो, शेवटचे वळण येते, आणि मग सुमारे ६०० मीटरांची सरळ वाट चढणीची आहे. उतारावर वेगाच्या भरात दम घालवून बसलेल्या घोड्याची ही चढण अचूक पारख करते. जॉकी क्लबाची शर्यत दीर्घकाळ २४०० मीटरांची होती. २००५ सालापासून ती २१०० मीटरांची करण्यात आली, आणि त्यावरून जाणत्यांत बराच वादही माजला. २०१० नंतरच्या वर्षांत हिरवळीखेरीज मेण लावलेल्या वाळूची व कृत्रिम तंतूंची एक निराळी वाटही तयार करण्यात आली. ती पावसाळ्यात बिघडत नाही आणि थंडीत गोठत नाही, म्हणून हिवाळ्यातही तेथे शर्यती होऊ शकतात.

परंतु शर्यतीचा दिवस हा शांतियीचा सणाचा दिवस होय. तिचा रोजचा दिवस पहाटे उजाडतो. गावाच्या आणि शेजारच्या गूव्ह्यो खेड्याच्या परिसरात मिळून दोन हजारांवर घोडे तालमीस असतात. सूर्योदयापूर्वीच त्यांच्या रांगा अरण्यातील वाळूच्या वाटांनी रपेटीस निघतात. ‘लेझ एग्ल’, म्हणजे ‘गरुड’, ह्या नावाचे एक विस्तीर्ण तालमीचे पठार गावाच्या पश्चिमेस आहे. खरारा करणारे, नाल ठोकणारे, खोगीर शिवणारे, दाणावैरण पुरविणारे, घोड्यांचे वैद्य, आणि शिकाऊ जॉकींची शाळा, अशा शेकडो कुटुंबांची चूल ह्या वाटांवर पेटते. मैदान गेले तर केवळ करमणूक जाईल असे नाही. एका अख्ख्या गावाचा उदीम जाईल. पुढील हकिकतीत काय पणास लागले होते हे कळण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानात असली पाहिजे.

विसाव्या शतकाने ह्या मैदानास पुष्कळ धक्के दिले. १९१४ च्या महायुद्धात शर्यती बंद पडल्या. सरसेनापती जोफ्र ह्यांनी त्या वर्षाच्या अखेरीस आपले मुख्य ठाणे शांतियीस आणले आणि सुमारे दोन वर्षे फ्रान्सच्या फौजा येथून हलविल्या. डिसेंबर १९१५ मध्ये येथेच भरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या परिषदेत पुढील सालच्या एकत्रित चढाईचे धोरण ठरले, आणि त्यातूनच सोमची लढाई उद्भवली. त्या लढाईत १४ जुलै १९१६ रोजी तोफांच्या व मशीनगनच्या युगात घोड्यावरून हल्ला करण्याचा प्रसंग ज्या पथकांवर आला, त्यांत डेक्कन हॉर्स हा हिंदी रिसालाही होता. अश्वांच्या ह्या माहेरघरी ठरलेल्या बेताने दूरदेशीच्या किती घोड्यांचा व स्वारांचा बळी घेतला, हा विचार मनास विषण्ण करतो. दुसऱ्या महायुद्धातही १९४० साली जॉकी क्लबाची शर्यत होऊ शकली नाही.

युद्धांतून मैदान वाचले. पण शांततेच्या काळातील शत्रू अधिक चिवट असतात. पॅरिसच्या आसपासच्या जमिनींचे भाव चढत गेले आणि शर्यतींना येणारी गर्दी मात्र ओसरली. पैज आता गावोगावच्या दुकानांतून लावता येऊ लागली होती. ल त्रांब्ले येथील मैदान १९६७ साली बंद झाले. एव्ह्री येथील त्याहून कितीतरी नवे मैदान १९९६ साली बंद झाले. शांतियीसारखीच थोर परंपरा असलेल्या मेझाँ-लाफित येथील शर्यती २०१९ साली संपल्या. १९९० नंतरच्या काळात शांतियीवरही हीच पाळी येणार असे दिसत होते. प्रेक्षागार जीर्ण झाले होते, आणि हे मैदान ठेवावे कशाला असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला होता. दुसऱ्या एखाद्या मालकाने अशा वेळी हिरवळीचे भूखंड पाडले असते. येथे ते शक्य नव्हते; जहागीर अखंड राखण्याच्या अटीवर ती मिळालेली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या हद्दपार माणसाची सही येथे आडवी आली.

मात्र दानपत्र जमीन राखू शकते, छप्पर शाकारू शकत नाही. त्यास पैसाच लागतो, आणि विद्वत्सभेपाशी तो नव्हता. ही उणीव ज्याने भरून काढली, त्याचा आपल्या प्रांताशी जुना संबंध आहे. इस्माइली पंथाचे पहिले आगाखान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इराणातून येऊन मुंबईस स्थायिक झाले. घोड्यांची आवड त्यांच्या रक्तातच होती. त्यांचे नातू तिसरे आगाखान मुंबई-पुण्याकडेच लहानाचे मोठे झाले, येथील मैदानांवर त्यांचे घोडे धावले, आणि मग १९२० नंतर त्यांनी युरोपात आपला जगप्रसिद्ध तबेला उभारला. त्यांचे नातू चौथे आगाखान करीम. १९६० साली वडील अलीखान मोटारीच्या अपघातात वारले आणि तबेल्याची धुरा करीम ह्यांच्याकडे आली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांच्या शार्लटसव्हिल नावाच्या घोड्याने शांतियीस जॉकी क्लबाची शर्यत जिंकली. पुढे गूव्ह्यो येथील एग्लमाँ ह्या वाडीत त्यांनी आपले ठाणे केले. ह्याच करीम आगाखानांनी पुण्याचा आगाखान महाल, जेथे गांधीजींना १९४२ ते १९४४ ह्या काळात स्थानबद्ध केले होते, तो १९६९ साली हिंदुस्थानास अर्पण केला होता. २००५ साली त्यांनी शांतियीच्या जहागिरीच्या जीर्णोद्धारासाठी एक विश्वस्त निधी स्थापन केला आणि पंधरा वर्षे तिचा भार उचलला. राजवाडा, बागा आणि पागा ह्यांची दुरुस्ती झाली. पागेतील घोड्यांचे संग्रहालय नव्याने मांडण्यात येऊन २०१३ साली खुले झाले. मैदान व त्याचे प्रेक्षागार ह्यांनाही नवे आयुष्य लाभले. २००८ साली त्यांच्याच झारकावा नावाच्या घोडीने येथे दियानची शर्यत जिंकली.

ह्या जीर्णोद्धाराचे फळ लवकरच दिसून आले. पॅरिसच्या लाँशाँ मैदानाची पुनर्रचना चालू असता फ्रान्सची सर्वांत मोठी शर्यत, ‘आर्क द त्रिआँफ’, २०१६ आणि २०१७ ही दोन्ही वर्षे शांतियीस भरवावी लागली. पहिल्या वर्षी फाउंड आणि दुसऱ्या वर्षी एनेबल ह्या घोडींनी ती जिंकली. जे मैदान वीस वर्षांपूर्वी नकोसे झाले होते, त्याच्याच दारी राजधानीस आसरा मागावा लागला.

२०२० साली आगाखानांचा करार संपला आणि जहागिरीचा कारभार पुन्हा विद्वत्सभेकडे आला. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी करीम आगाखान निवर्तले. तेव्हा शांतियीपुढचा प्रश्न पुन्हा उभा आहे. इतिहासावरून एवढे मात्र दिसते की, हे मैदान राहिले ते जातिवंत घोड्यांच्या बळावर किंवा पैजेच्या पैशावर नव्हे. तसे असते तर मेझाँ-लाफितही राहिले असते. ते राहिले, कारण एका माणसाने ‘हे माझे’ असे म्हणण्याचा हक्क योग्य वेळी सोडून दिला, आणि त्याच्या सोडण्यात त्याने इतका नेमकेपणा ठेवला की पुढच्या कोणासही ते ‘माझे’ म्हणता येऊ नये. परंतु असे दान एकदा देऊन संपत नाही. त्याच्या भिंतींना गिलावा आणि छपराला कौले दर पिढीने नव्याने द्यावी लागतात. ज्या ज्या गावी पूर्वजांनी लोकांसाठी एखादे मैदान, एखादे तळे किंवा एखादी आमराई सोडून ठेवली आहे, त्या त्या गावच्या लोकांनी शांतियीच्या ह्या हकिकतीचा विचार करण्यासारखा आहे.